डॉ. होमी भाभा

पालघर जिल्ह्यातील डहाणू-मसोलीकडून किनाऱ्याने दक्षिणेस जाऊ लागले, की तारापूर लागते. भारतातील पहिले अणुवीज केंद्र येथेच आहे. ज्यांनी या केंद्राचा पाया घातला, त्यांच्याच संस्थेत भारतात घडलेले पहिले सर्वोपयोगी इलेक्ट्रॉनिक गणकयंत्र तयार झाले. ते थोर शास्त्रज्ञ म्हणजे डॉ. होमी जहांगीर भाभा.

होमींचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत एका पारशी कुटुंबात झाला. मुलाने अभियंता होऊन जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात काम करावे, अशी वडिलांची इच्छा होती. म्हणून १९२७ साली होमी केंब्रिजला गेले. परंतु त्यांचे मन गणित व भौतिकशास्त्र यांतच रमे. वडिलांनी एक अट घातली : अभियांत्रिकीत पहिला वर्ग मिळव, मग खुशाल गणित शीक. १९३० साली होमींनी ती अट पुरी केली आणि आपला मार्ग मोकळा केला. पुढे विश्वकिरणांवरील संशोधनाने त्यांची कीर्ती सर्वत्र पसरली.

१९३९ साली ते सुटीत मायदेशी आले असता महायुद्ध पेटले व परतीची वाट बंद झाली. युद्ध संपल्यावर परदेशात मानाच्या जागा सहज मिळाल्या असत्या. पण त्यांनी मायभूमीतच राहण्याचा निश्चय केला. टाटा विश्वस्त निधीच्या साहाय्याने १९४५ साली त्यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन केली.

शास्त्रज्ञांची गणिते हाताने सोडविण्यात फार काळ जाई. त्यासाठी गणकयंत्र हवे होते. ते आपणच घडवावे, असे ठरले. रंगस्वामी नरसिंहन व त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी हे काम अंगावर घेतले. प्रथम त्यांनी एक लहान प्रायोगिक यंत्र करून पाहिले व मगच मोठ्या यंत्रास हात घातला. १९६० साली ते यंत्र रीतसर कामास लागले. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे नाव ‘टिफ्रॅक’ असे ठेवले.

या यंत्रात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या. प्रत्येक नळीतील तार सतत तापती ठेवावी लागे. त्यामुळे यंत्र गणित करो वा न करो, वीज खर्ची पडतच असे.

आजच्या संगणकात नळ्यांची जागा नखाएवढ्या तुकड्यावरील असंख्य सूक्ष्म कळांनी घेतली आहे. नावेतील वल्हेकरी जसे एका तालावर वल्ही मारतात, तशा या कळा एका विद्युत्-तालावर उघडतात व मिटतात. एका सेकंदात हा ताल किती वेळा पडतो, ते मोजून संगणकाची तालगती ठरवितात. त्या मापास ‘हर्ट्झ’ म्हणतात. आज ही गती काही अब्ज हर्ट्झ असते. ताल जलद झाला, की वल्हेकऱ्याचे श्रम वाढतात. त्याचप्रमाणे कळांची उघडझाप वाढली, की विजेचा खर्च वाढतो आणि यंत्र तापते. वेग हवा, तर त्याचे मोल विजेच्या रूपाने द्यावे लागते.

विजेचे हे मोल भाभांनी पुरते ओळखले होते. कोळशाच्या खाणी पश्चिम किनाऱ्यापासून दूर. तेव्हा कारखान्यांना व घरांना वीज कोठून आणावी? अणुशक्ती हे त्याचे उत्तर आहे, अशी त्यांची दृढ श्रद्धा होती. १९५६ साली तुर्भे येथे ‘अप्सरा’ ही भारतातील पहिली अणुभट्टी सुरू झाली. त्यानंतर तारापूरच्या केंद्राचे काम हाती घेण्यात आले.

परंतु ते केंद्र पूर्ण झालेले पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. २४ जानेवारी १९६६ रोजी आल्प्स पर्वतातील माँ ब्लांक शिखरावर त्यांचे विमान कोसळले व त्यांचा अंत झाला. वय अवघे ५६ वर्षांचे! सहकाऱ्यांनी दुःख गिळून काम चालू ठेवले आणि १९६९ साली तारापूरची वीज घरोघरी पोहोचू लागली.

भाभांनी यंत्रे उभारली, त्याहून अधिक माणसे उभी केली. म्हणूनच ते गेले, तरी त्यांचे कार्य थांबले नाही.