जेलमध्ये मैला साफ करायला मिळावा म्हणून कोकणच्या या माणसाने अन्न सोडलं होतं

वाशी-नेरूळच्या एखाद्या टॉवरमध्ये सकाळी फ्लशचं बटण दाबलं की आपला विषय तिथेच संपतो. मोरबे धरणातून शहरात आलेलं पाणी मैला घेऊन गटारात जातं आणि तिथून पुढे मलप्रक्रिया केंद्रात.

फ्लशची आयडिया तशी बरीच जुनी. इंग्लंडच्या सर जॉन हॅरिंग्टन यांनी १५९६ मध्ये पाण्याच्या टाकीचा संडास मांडला. १७७५ मध्ये अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने एस आकाराच्या नळीचं पेटंट घेतलं. नळीच्या वाकणात पाणी अडून राहतं, त्यामुळे गटाराचा वास घरात येत नाही. आजच्या कमोडमध्येही हीच युक्ती वापरतात.

पण फ्लशला दोन गोष्टी लागतात. भरपूर पाणी आणि जमिनीखालचं गटार. शंभर वर्षांपूर्वी आपल्याकडे बहुतेक ठिकाणी यातलं काहीच नव्हतं. होते ते टोपलीचे संडास. ती टोपली उचलून डोक्यावरून वाहून न्यायची कुणी, हे जातीने ठरवलेलं.

हे मोडायचं ठरवलं ते सीताराम पुरुषोत्तम तथा अप्पासाहेब पटवर्धन यांनी.

अप्पासाहेबांचा जन्म १८९४ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या ब्राह्मण कुटुंबातला. तत्त्वज्ञान शिकलेला हा हुशार तरुण गांधीजींच्या संपर्कात आला आणि त्यांचाच झाला. गांधीजींची आत्मकथा मराठीत आणली ती अप्पासाहेबांनीच. १९३० च्या शिरोड्याच्या मिठाच्या सत्याग्रहातही ते पुढे होते. लोक त्यांना कोकणचे गांधी म्हणू लागले.

१९३२ मध्ये ते रत्नागिरीच्या जेलमध्ये होते. तिथेही मैला काढण्याचं काम ठरावीक जातीच्या कैद्यांच्याच माथी. अप्पासाहेबांनी ते काम स्वतःसाठी मागितलं. सवर्ण कैद्याला हे काम देता येत नाही, अशी जेलची भूमिका होती. मग अप्पासाहेबांनी अन्नत्यागाचा मार्ग धरला.

बातमी येरवड्याच्या तुरुंगात असलेल्या गांधीजींपर्यंत पोहोचली. डिसेंबर १९३२ मध्ये त्यांनीही अप्पासाहेबांसाठी उपोषण सुरू केलं. सरकारने विचार करायचं मान्य केल्यावर ते लगेच सुटलं. पुढे स्वेच्छेने हे काम करू पाहणाऱ्या सवर्ण कैद्यांना तशी मुभा मिळाली.

पण जेलबाहेरच्या टोपलीचं काय? एका माणसाने झाडू हातात घेतल्याने ती डोक्यावरून उतरणार नव्हती. त्यासाठी संडासच बदलायला हवा होता.

१९४८ मध्ये अप्पासाहेबांनी कणकवलीत गोपुरी आश्रम सुरू केला. मेलेल्या जनावरांची कातडी सोलण्यापासून खत बनवण्यापर्यंत, समाजाने हलकी ठरवलेली कामं तिथे होऊ लागली. इथूनच पुढे आला गोपुरी संडास.

त्याची रचना अगदी साधी. शेजारी-शेजारी दोन कप्पे. एका वेळी एकच वापरायचा आणि दर वेळी वरून माती, राख किंवा पालापाचोळा टाकायचा. तो भरला की बंद करून दुसरा वापरात घ्यायचा. दुसरा भरेपर्यंत पहिल्यातल्या मैल्याचं सोनखत झालेलं असतं. त्याला दुर्गंधी राहत नाही, म्हणून घरचा माणूसच ते उचलून शेतात टाकू शकतो. पाण्याची टाकी नको, गटार नको आणि टोपली उचलायला दुसरा माणूसही नको.

कोकणच्या शेतकऱ्याला खत आणि समोरच्या माणसाला माणूसपण, असा हा दुहेरी हिशोब होता.

अप्पासाहेब १९७१ मध्ये गेले. तेव्हा नवी मुंबई सिडकोच्या आराखड्यातच होती. नंतर शहर उभं राहिलं, घरोघरी फ्लश आले. हाताने मैला उचलायला लावण्याविरुद्ध १९९३ मध्ये आणि पुन्हा २०१३ मध्ये कायदे झाले. तरीही देशात गटारात आणि सेप्टिक टँकमध्ये उतरून सफाई कामगार गुदमरल्याच्या बातम्या थांबलेल्या नाहीत.

बटण दाबल्यावर आपला विषय संपतो, पण खाली कुणाचा तरी तिथूनच सुरू होतो. अप्पासाहेब आयुष्यभर त्या खालच्या माणसाच्या बाजूने उभे राहिले.