डोंगराची उंची मोजणारे आलिम : अल बिरुनी

आज मोबाइलवर शिराळा तालुक्याचा नकाशा उघडला, की पश्चिमेचा सह्याद्री, चांदोलीचं धरण, वारणेचं खोरं, सगळं उंच-सखल दिसतं. कुठली वाडी किती उंचावर आहे, पुराचं पाणी आधी कुठे शिरेल, याचा अंदाज उपग्रहांनी घेतलेल्या मापांवरून बांधता येतो. हे शास्त्र परक्यांचं, आपला त्याच्याशी काय संबंध, असं आपल्या घरांतल्या काही मुलांना वाटतं. म्हणून आज आपण अबू रैहान अल बिरुनी यांची ओळख करून घेऊ.

त्यांचा जन्म ९७३ साली ख्वारिझममधल्या काथ गावचा. आज हा भाग उझबेकिस्तानात येतो. ९९७ साली चंद्रग्रहण होतं. बगदादेत अबुल वफा आणि काथमध्ये बिरुनी, असं दोघांनी आधी ठरवून ते पाहिलं. दोन्हीकडच्या वेळेतल्या फरकावरून त्यांनी दोन शहरांच्या रेखांशांतलं अंतर काढलं.

१०१७ साली महमूद गझनवीने ख्वारिझम जिंकलं आणि बिरुनींना गझनीला नेलं. ते काही राजीखुशीने गेले नव्हते. पण तिथेही काम थांबलं नाही. गावांचे अक्षांश-रेखांश कसे काढायचे, यावर त्यांनी ग्रंथ लिहिला. गझनीची किब्ल्याची दिशा नेमकी ठरवणं हा त्यातला एक मोठा हेतू. आज आपण मोबाइलमध्ये किब्ला पाहतो, त्यामागेही हाच हिशोब असतो.

पंजाबातल्या नंदना किल्ल्याजवळ (आज पाकिस्तानात) त्यांनी केलेलं काम तर फार नावाजलेलं आहे. सपाटीवरच्या दोन जागांवरून त्यांनी डोंगरमाथ्याचा कोन घेतला आणि उंची काढली. मग माथ्यावर चढून क्षितिज किती खाली झुकलेलं दिसतं, ते मोजलं. एवढ्यावरून पृथ्वीची त्रिज्या! उत्तर आजच्या आकड्याच्या बरंच जवळ जातं. मात्र त्यांचा 'हात' नेमका केवढा, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. त्यामुळे अमुक टक्के अचूक होतं, असे मेसेज पुढे पाठवताना जरा जपून.

दोन जागांवरून पाहून उंची काढायची, ही रीत आजही चालते. २००० साली अमेरिकेच्या अवकाशयानाने ६० मीटर लांब दांड्याच्या दोन टोकांना अँटेना ठेवून रडारने जगाच्या बहुतेक जमिनीची उंची मोजली. २००५ साली सोडलेल्या आपल्या इस्रोच्या कार्टोसॅट-१ वर दोन कॅमेरे होते, एक पुढे रोखलेला, एक मागे. त्या जोडचित्रांवरून भारताच्या जमिनीचा उंचीचा नकाशा तयार झाला.

बिरुनी संस्कृत शिकले, पंडितांजवळ बसले आणि सुमारे १०३० साली त्यांनी 'किताबुल हिंद' पूर्ण केलं. त्यात मराठ्यांचा देश आहे, कोकण आहे, समुद्रकाठचं ठाणंही आहे. उत्तरेच्या मैदानात त्यांना दिसलं, की डोंगराजवळचे गोटे मोठे, पुढे ते बारीक होत जातात आणि नदीच्या मुखाशी नुसती वाळू उरते. त्यावरून त्यांनी ताडलं, की इथे पूर्वी समुद्र असावा आणि नद्यांच्या गाळाने तो भरत आला. किनारा एका जागी राहत नाही, हे आज उपग्रहांच्या वर्षावर्षांच्या चित्रांतून मोजतात.

शंभराहून जास्त ग्रंथ लिहून हे आलिम सुमारे १०५० साली गझनीतच वारले.

त्यांच्या नावाचा नुसता अभिमान बाळगून भागणार नाही. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर आपल्या सांगली जिल्ह्याने पाहिलेत. पाणी कुठवर येतं, हे नकाशावर दाखवू शकणारी पोरं-पोरी आपल्या मोहल्ल्यातही हवीत. इस्रोच्या 'भुवन' संकेतस्थळावर उंचीची ही माहिती फुकट मिळते. बारावीनंतर काय, असा प्रश्न घरात निघाला, तर डॉक्टर-इंजिनिअरच्या जोडीला भूगोल आणि सर्वेक्षणाचं नावही घेऊया. मुलींसाठी तर आवर्जून.