चार लेकरे गमावलेला बाप

बाबासाहेबांचे चरित्र आपल्याला पाठ आहे. महाड, काळाराम मंदिर, गोलमेज परिषद, पुणे करार, संविधान आणि नागपूरची धम्मदीक्षा. प्रत्येक जयंतीला वक्ते हे टप्पे सांगतात आणि आपण टाळ्या वाजवतो. पण याच चरित्रातले एक पान आपण घाईने उलटतो. ते पान परळच्या पोयबावडीतल्या बी. आय. टी. चाळीत घडले आहे. चाळ क्रमांक १, दुसरा मजला, खोली क्रमांक ५० आणि ५१.

रमाई आणि बाबासाहेबांना पाच अपत्ये झाली. त्यांतले यशवंतराव तेवढे जगले. गंगाधर गेला, रमेश गेला, इंदू गेली. आणि जुलै १९२६ मध्ये सगळ्यांत धाकटा, बाबासाहेबांचा जीव की प्राण असलेला राजरत्नही गेला. कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या घेतलेल्या, बॅरिस्टर झालेल्या माणसाने आपली चार लेकरे गमावली. त्या काळच्या गिरणगावात हे काही नवल नव्हते. एका खोलीच्या बिऱ्हाडात, धुरात आणि ओलीत, बाळाने पहिले वर्ष ओलांडणे हीच मोठी गोष्ट होती. चाळीतल्या कितीतरी आयांच्या मांड्या अशाच रिकाम्या झाल्या होत्या. फरक एवढाच, की त्यांचे दुःख लिहून ठेवणारे कोणी नव्हते.

ऑगस्ट १९२६ मध्ये बाबासाहेबांनी आपले स्नेही दत्तोबा पवार यांना एक पत्र लिहिले. या धक्क्यातून आपण आणि पत्नी सावरू असे वाटत नाही, अशा आशयाचे ते पत्र आहे. वाघासारखा माणूस त्यात एक साधा बाप म्हणून बोलतो. ते पत्र वाचून डोळे पुसणे सोपे आहे. पुढे काय घडले ते पाहणे अधिक महत्त्वाचे आहे.

राजरत्नच्या मृत्यूनंतर आठ महिन्यांनी, २० मार्च १९२७ रोजी, बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्याच्या काठावर उभे होते. पुत्रशोकामुळे महाड घडले असा दावा कोणी करू नये. महाडची कारणे हजारो वर्षांची आहेत. पण शोकात बुडालेला बाप घरात बसून राहिला नाही, हे तारखाच सांगतात.

तळ्याचे पाणी प्यायल्यावर काय झाले ते आपल्याला ठाऊक आहे. अस्पृश्य आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा उठवली गेली आणि मांडवात जेवत असलेल्या आपल्या लोकांवर सनातनी जमाव तुटून पडला. बायामाणसे, पोरेसोरेही सुटली नाहीत. आपले तरुण बदल्याच्या भाषेत बोलू लागले. बाबासाहेबांनी नुसती परवानगी दिली असती तर महाडात रक्ताचे पाट वाहिले असते. त्यांनी ती दिली नाही. जखमींची व्यवस्था लावली आणि हल्लेखोरांना कायद्याच्या कचाट्यात आणले. जून १९२७ मध्ये त्यांतल्या पाच जणांना चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. आपल्या माणसाला मारले म्हणून उच्चवर्णीय तुरुंगात जातो, हे त्या मुलखातल्या लोकांनी बहुधा पहिल्यांदाच पाहिले असेल. तळ्याचा दिवाणी दावा तर दहा वर्षे चालला. मुंबई हायकोर्टाने मार्च १९३७ मध्ये आपल्या बाजूने निकाल दिला, तोवर बाबासाहेबांनी पिच्छा सोडला नाही.

इकडे गिरणगावातल्या आयांचा प्रश्नही ते विसरले नव्हते. मुंबईच्या विधिमंडळात २८ जुलै १९२८ रोजी गिरणीतल्या बायांना प्रसूतिलाभ द्यावा या विधेयकाच्या बाजूने ते उभे राहिले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विसावा मिळणे हे साऱ्या देशाच्या हिताचे आहे, हा त्यांचा मुद्दा होता. १९२९ साली कायदा झाला. पुढे व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना, १९४३ साली, खाणीत राबणाऱ्या बायांच्या प्रसूतिलाभाच्या कायद्यात त्यांनी दुरुस्ती आणली. विधिमंडळातल्या त्या भाषणात त्यांनी आपल्या घरचे दुःख मांडले नाही. ज्याने चार पोरे गमावली, तो दुसऱ्याची पोरे वाचावीत म्हणून कलमांवर बोलत होता.

गोलमेज परिषदेतही तेच. राव बहादूर श्रीनिवासन यांच्यासह त्यांनी जो मसुदा मांडला, त्यात अस्पृश्यांवर टाकल्या जाणाऱ्या सामाजिक बहिष्काराला गुन्हा ठरवण्याची मागणी होती. गावाने दुकान बंद केले, पाणी तोडले, मजुरी नाकारली तर तो गुन्हा मानून शिक्षा झाली पाहिजे. महाराष्ट्राला सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा करायला २०१६ साल उजाडले!

या सगळ्यात रमाई कुठे होत्या? बॅरिस्टर नवरा परगावी, कोर्टात, सभेत. घरात गेलेल्या लेकरांची आठवण आणि स्वतःचे आजारपण. २७ मे १९३५ रोजी दादरच्या राजगृहात त्यांनी प्राण सोडला. धारवाडच्या वसतिगृहातली मुले उपाशी राहू नयेत म्हणून त्यांनी हातातल्या बांगड्या काढून दिल्या, ही आठवण चळवळीत आजही सांगितली जाते. स्वतःची चार गेलेली आई दुसऱ्यांच्या मुलांना उपाशी पाहू शकली नाही.

आज हे पान पुन्हा वाचायचे कारण आहे. २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीत भैयालाल भोतमांगे यांची पत्नी, मुलगी आणि दोन मुलगे मारले गेले. तो बाप जानेवारी २०१७ मध्ये वारला तोवर कोर्टाच्या पायऱ्या झिजवत होता. चौघांच्या हत्येत न्यायालयाला अ‍ॅट्रॉसिटी कायदा लागू करावासा वाटला नाही. १९८९ च्या त्या कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने पीडित आणि साक्षीदारांच्या हक्कांचे स्वतंत्र प्रकरण आले. कागदावर हक्क आहेत. पण हरवलेल्या मुलीचा फोटो घेऊन पोलीस ठाण्याच्या बाकावर बसलेल्या आईशेजारी कोण बसते? तक्रार नोंदवताना, पंचनामा होताना, साक्षीच्या दिवशी तिच्यासोबत कोण जाते?

आपण मोर्चा काढतो, निषेध करतो, आठ दिवसांनी घरी जातो. खटला मात्र दहा वर्षे चालतो. बाबासाहेब चवदार तळ्याच्या दाव्यात दहा वर्षे उभे होते, तेही घरातला पाळणा रिकामा झाल्यावर. प्रत्येक तालुक्यात चार वकील आणि दहा कार्यकर्ते एका पीडित कुटुंबामागे शेवटच्या तारखेपर्यंत उभे राहिले, तर पोयबावडीतल्या त्या बापाला आणि त्या आईला तीच खरी आदरांजली ठरेल.