पुण्यश्लोक अहिल्यामाता : एका हाती शिवपिंडी, दुसऱ्या हाती हिशेब



श्रावण वद्य चतुर्दशी ही अहिल्यामातेची पुण्यतिथी. आमच्या इंदुरात त्या दिवशी अहिल्योत्सवाची पालखी निघते. पालखीवर फुलं वाहायची, प्रसाद घ्यायचा आणि घरी यायचं, असं आमचं वर्षानुवर्षं चाललं होतं. या वेळी मात्र सेवेतल्या आम्ही सगळ्या बायकांनी एकत्र बसून मातेचं चरित्र वाचलं. त्याला कारण घडलं होतं. ते शेवटी सांगतो.

मातेचा जन्म 31 मे 1725 चा. गाव चौंडी, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या जामखेड तालुक्यातलं. वडील माणकोजी शिंदे गावचे पाटील. राजवाड्यात वाढलेली ही मुलगी नव्हे, बरं का. मल्हारराव होळकरांनी तिला पाहिलं आणि 1733 मध्ये आपल्या खंडेरावांसाठी सून म्हणून आणलं. म्हणजे वय अवघं आठ वर्षांचं!

सासू गौतमाबाईंच्या हाताखाली ती घरचं आणि बाहेरचं शिकली. इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. होळकरांच्या घरात दोन खाती होती. एक दौलतीचं, म्हणजे राज्याच्या वसुलीचं आणि फौजेचं. दुसरं खासगीचं. पेशव्यांनी काही गावांचं उत्पन्न गौतमाबाईंच्या नावे वेगळं लावून दिलं होतं, ती खासगी. ती घरच्या बाईच्या हातातली. गौतमाबाई 1761 मध्ये गेल्या आणि खासगी सुनेकडे आली. पुढे मातेने जो दानधर्म केला, त्याचं मूळ इथे आहे.

त्याआधीच, 1754 मध्ये, कुंभेरच्या वेढ्यात खंडेराव तोफेच्या गोळ्याने गेले. माता अठ्ठावीस वर्षांची. पदरात मालेराव आणि मुक्ताबाई. ती सती जायला निघाली. पोटचा मुलगा गमावलेल्या म्हाताऱ्या मल्हाररावांनी तिला अडवलं, विनवलं आणि मागे वळवलं. नुसतं वळवून थांबले नाहीत, तर कामाला लावलं. वसुली, न्यायनिवाडे, तोफखान्याला लागणारा माल, सगळं तिच्यावर सोपवून ते स्वारीवर जात आणि तिथून तिला पत्रं धाडत. एका सासऱ्याने सुनेवर टाकलेला हा विश्वास नसता, तर पुढचं काहीच झालं नसतं, असं वाचताना आम्हा सगळ्यांना वाटलं.

मल्हारराव 1766 मध्ये गेले. गादीवर आलेले मालेराव वर्षही पुरं न होता गेले. दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांना वाटलं, बाईमाणूस काय राज्य करणार! त्यांनी एक मूल दत्तक देऊन कारभार आपल्या हाती ठेवायचा घाट घातला आणि राघोबादादांना बोलावलं. माता डगमगली नाही. तिने तुकोजी होळकरांना फौजेवर नेमलं, शेजारच्या सरदारांना मदतीची पत्रं पाठवली, पुण्याला माधवराव पेशव्यांकडे दाद मागितली. माधवरावांनी तिच्या बाजूने कौल दिला. सांगतात की राघोबादादा क्षिप्रेपर्यंत आले आणि सांत्वनाला आल्याचं दाखवून परत गेले.

मग जवळजवळ अठ्ठावीस वर्षं तिने राज्य केलं, तेही नर्मदाकाठच्या महेश्वराहून. पहाटे उठायचं, स्नान, पूजा, पुराणश्रवण, दानधर्म, साधं जेवण, आणि दुपारनंतर दरबार. दरबार कधी कधी रात्रीपर्यंत चाले. ज्याला गाऱ्हाणं असेल त्याने समोर यावं, माता स्वतः ऐकायची. हुकूम शिवाच्या नावाने निघायचे. आपण फक्त कारभारी, मालक तो, ही तिची भावना. आपले सद्गुरु सेवेबद्दल जे शिकवतात, ते हेच नाही का?

काशी विश्वेश्वराचं आज दिसणारं मंदिर तिने 1780 मध्ये उभं केलं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. सोमनाथ, गयेचं विष्णुपद, वेरूळचं घृष्णेश्वर ही नावंही आपण ऐकतो. पण देवळांइतकेच तिने घाट, विहिरी, बारवा, धर्मशाळा आणि अन्नछत्रं उभी केली. वाटसरूला पाणी मिळावं, यात्रेकरूला रात्रीचा आसरा मिळावा, ही तिची पूजा. आणि हा खर्च मुख्यतः खासगीतून. रयतेच्या वसुलीतून फौज आणि कारभार, आपल्या वाट्याच्या पैशातून धर्म. स्वारीवर गेलेल्या तुकोजींची पैशांची मागणी सारखी येई, त्यावरून दोघांत कुरबुरीही झाल्या. पण बाई हिशेब बघितल्याशिवाय हात सैल सोडत नसे.

बायकांसाठी तिने काय केलं, हे आम्ही मुद्दाम शोधून वाचलं. मूल नसलेल्या विधवेची मालमत्ता सरकारजमा व्हायची किंवा कारभारी दत्तकाच्या परवानगीसाठी मोठा नजराणा उकळायचे. मातेने ते बंद केलं. नवऱ्याचं धन बाईने ठेवावं, दत्तक घ्यावं, हवं तर दान करावं, मर्जी तिची. वाटमारी करणाऱ्या भिल्लांना आधी जरबेत आणलं, मग जमीन कसायला दिली आणि वाटसरूंच्या रक्षणाचं काम देऊन त्याबद्दल ठरलेला कर घेण्याचा हक्कही दिला. महेश्वरात बाहेरून विणकर आणून वसवले. घाटाच्या आणि किल्ल्याच्या दगडांवरची नक्षी, नर्मदेच्या लाटा आजही महेश्वरी साडीच्या काठावर दिसतात. मधल्या काळात हे माग थंडावले होते. 1970 च्या दशकाच्या अखेरीस तिथे रेहवा ही संस्था सुरू झाली आणि मागावर बायका बसू लागल्या. मातेने लावलेल्या झाडाची फळं दोनशे वर्षांनी बायकांच्या ओट्यात पडली, असंच म्हणायचं.

एवढं करणाऱ्या बाईला घरचं सुख नव्हतं. नातू नथ्याबा तरुणपणीच गेला. मग 1791 मध्ये जावई यशवंतराव फणसे गेले आणि मुक्ताबाई सती जायला निघाली. जिला सासऱ्याने मागे वळवलं होतं, त्या आईने लेकीच्या पायांशी पडून विनवण्या केल्या. लेक वळली नाही. नर्मदेच्या काठावर आईला ते डोळ्यांनी पाहावं लागलं. तीन दिवस तिने अन्न घेतलं नाही, शब्द बोलली नाही. नंतर उठली, लेकीची छत्री बांधवली आणि पुन्हा दरबारात बसली. हा भाग वाचताना आमच्यातल्या कुणालाच पुढे वाचवेना. थोडा वेळ नुसतं नामस्मरण केलं. 13 ऑगस्ट 1795 ला, सत्तराव्या वर्षी, महेश्वरातच मातेने देह ठेवला.

आता आमचं कारण सांगतो. जवळच्या एका गावात आम्ही सेवेकरी बायका एका गटाला मदत करतो. महाराष्ट्रात बचत गट म्हणतात, इकडे स्वसहायता समूह. दर महिन्याला आरती, मग बचत. आरतीच्या ताटातले पैसे आणि गटाची बचत एकाच डब्यात राहायची. मागच्या गुरुपौर्णिमेला प्रसादाला पैसे कमी पडले, ते आम्ही त्याच डब्यातून घेतले. देवाचंच काम, नंतर टाकू, असं वाटलं. चारच दिवसांनी गटातल्या एकीला मुलाच्या फीसाठी पैसे हवे होते. डबा रिकामा. ती काही बोलली नाही. मंगळसूत्र गहाण ठेवून मोकळी झाली. आम्हाला ते महिन्याने कळलं.

तिच्या हक्काच्या पैशांतून आम्ही प्रसाद वाटला होता. खासगी आणि दौलत वेगळी ठेवणाऱ्या मातेच्या गावचे आम्ही, आणि आमचा डबा एक! आम्ही आपापल्या घरून पैसे आणून बचत भरली, तिला कर्ज मिळालं, मंगळसूत्र सोडवायला आमच्यातल्या दोघी तिच्याबरोबर गेल्या. आता डबे दोन, वह्या दोन. हिशेब गटातल्याच बायका मोठ्याने वाचतात आणि आम्ही ऐकतो. ती आमच्याशी पूर्वीसारखीच बोलते, पण डबा उघडला की अजून आधी आत डोकावून बघते. बघू दे. तो तिचा हक्क आहे.

बेळगाव, वडोदरा, ग्वाल्हेर, हैदराबाद, गोवा, जिथे जिथे आपल्या भगिनी असे गट चालवतात, त्यांनी या पुण्यतिथीला एवढंच करावं. पूजा झाली की वही काढावी आणि सगळ्यांसमोर हिशेब वाचावा. तोही पूजेचाच भाग समजावा.

श्री सद्गुरुचरणी अर्पण.

आपल्या,
इंदूरच्या सेवेकरी भगिनी