मुळशीचे सेनापती

मे महिना गोव्याच्या सार्वजनिक स्मृतीत दोन कारणांसाठी कोरला गेला आहे. 18 मे 1955 रोजी नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रहींची पहिली मोठी तुकडी पोर्तुगीज हद्दीत शिरली आणि गोवामुक्तीच्या लढ्याने नवे वळण घेतले. दुसरे कारण सांगे तालुक्यातले. साळावली धरणाचे पाणी मे महिन्यात ओसरते, बुडालेल्या कुर्डी गावाची जोती आणि देवळांचे अवशेष उघडे पडतात, आणि गाव सोडावे लागलेली माणसे आपल्या दैवतांच्या पायांशी पुन्हा एकत्र जमतात. एक स्मृती अभिमानाची, दुसरी हुरहूर लावणारी. वरवर पाहता त्यांचा परस्परांशी काही संबंध नाही. परंतु वयाची चौऱ्याहत्तर वर्षे उलटल्यावर गोव्याच्या सीमेवर येऊन उभे राहिलेले सेनापती बापट यांना सेनापती हे बिरूद मिळाले होते ते एका धरणाविरुद्धच्या लढ्यात, हे ध्यानात घेतले म्हणजे या दोन स्मृतींमधला धागा दिसू लागतो. त्या धाग्याचा मागोवा आज घ्यावा असे आम्हांस वाटते.

पांडुरंग महादेव बापट यांचा जन्म 12 नोव्हेंबर 1880 रोजी नगर जिल्ह्यातील पारनेर येथे एका गरीब कुटुंबात झाला. बुद्धी तल्लख, घरची परिस्थिती बेताची. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील शिक्षण आटोपल्यावर मंगळदास नथुभाई शिष्यवृत्ती मिळवून ते 1904 साली अभियांत्रिकी शिकण्यासाठी एडिंबरो येथे गेले. ही वाट सरळ चालले असते तर मोठ्या पगाराची नोकरी आणि सुखाचे आयुष्य ठरलेलेच होते. पण तेथे त्यांनी ब्रिटिश राज्यात हिंदुस्थानची काय दशा झाली आहे यावर जाहीर भाषण केले आणि त्या भाषणापायी त्यांची शिष्यवृत्ती गेली. सत्य बोलण्याची किंमत मोजावी लागते, हा धडा त्यांनी विशीतच घेतला. विशेष हे की, त्या धड्याने ते सावध झाले नाहीत.

पुढे लंडनचे इंडिया हाऊस, श्यामजी कृष्णवर्मा आणि सावरकर यांचा सहवास, पॅरिसला जाऊन बाँब तयार करण्याच्या विद्येचा अभ्यास, 1908 साली मायदेशी पुनरागमन आणि अलीपूर खटल्यात नाव आल्यामुळे कित्येक वर्षांचा अज्ञातवास, हा त्यांचा क्रांतिपर्वाचा काळ. तो बहुतेकांना ठाऊक आहे. त्यानंतरचे पर्व मात्र फारसे सांगितले जात नाही. तुरुंगातून सुटून पारनेरला परतलेला हा विलायतेस जाऊन आलेला पदवीधर सकाळी हातात झाडू घेऊन गावचे रस्ते झाडी आणि शौचकूप साफ करी. मुलगा झाला तेव्हा बारशाच्या निमित्ताने त्याने पहिले पान मांडले ते गावाने अस्पृश्य मानलेल्यांसाठी. ज्या काळात शिवाशिवीचा विटाळ हाच धर्म समजला जात होता, त्या काळात एका ब्राह्मण घरात घडलेली ही गोष्ट आहे. परक्या राजसत्तेविरुद्ध शस्त्र धरू पाहणाऱ्या या माणसाने आपल्याच समाजातील उच्चनीचतेविरुद्ध झाडू धरला, आणि झाडू धरणे हे शस्त्र धरण्याहून कमी धैर्याचे आहे असे त्याने कधी मानले नाही.

त्यानंतर आले मुळशीचे प्रकरण. पुण्याच्या पश्चिमेस सह्याद्रीच्या कुशीतले मुळशीचे खोरे आंबेमोहोर तांदळासाठी प्रसिद्ध होते. मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधावे, पूर्वेकडे वाहणारे पाणी डोंगर फोडून पश्चिमेकडे वळवावे, घाटाखाली भिरा येथे त्यावर वीज निर्माण करावी आणि ती मुंबईच्या गिरण्यांना व रेल्वेला पुरवावी, अशी टाटांच्या वीज कंपनीची योजना होती. योजना कल्पक होती यात शंका नाही. परंतु तिच्या पोटी पन्नासहून अधिक गावे आणि सुमारे अकरा हजार माणसे पाण्याखाली वा देशोधडीला जायची होती, आणि त्या माणसांना कोणी एका शब्दाने विचारले नव्हते. जमीन रीतसर ताब्यात येण्यापूर्वीच शेतांत चर खणले जाऊ लागले, तेव्हा आपल्यावर काय ओढवले आहे हे मावळ्यांना कळले. 1894 च्या भूसंपादन कायद्याने खासगी कंपनीसाठीही सरकारला शेतकऱ्याची जमीन सक्तीने घेता येत होती. कायदा कंपनीच्या बाजूला, सरकार कंपनीच्या पाठीशी आणि शेतकरी एकाकी, असा हा विषम सामना होता.

या सामन्याची खरी अडचण आणखी वेगळी होती. टाटांचा उद्योग हा स्वदेशी उद्योग. परकीय भांडवलाशी टक्कर देणाऱ्या हिंदी उद्योजकतेचा अभिमान त्या काळी राष्ट्रभक्तीचाच एक भाग होता. अशा उद्योगाला विरोध करणे म्हणजे राष्ट्राच्या प्रगतीला विरोध करणे, असे म्हणणारे पुढारी पुण्यामुंबईत पुष्कळ होते. दुसरीकडे खोऱ्यातल्या बऱ्याच जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गहाण पडलेल्या किंवा त्यांच्याच नावावर चढलेल्या. ज्याचे नाव कागदावर त्याला मोबदला, आणि ज्याचा घाम मातीत त्याला काहीच नाही. त्यामुळे मोबदल्याचा आकडा वाढवून घेऊन तडजोड करावी, अशी सावकार मंडळींची ओढ होती. तर जमीनच सोडायची नाही, असा कुळांचा निर्धार होता. बापट उभे राहिले ते कुळांच्या बाजूने. परक्यांच्या जुलमाविरुद्ध बोलणाऱ्यांची त्या काळी वाण नव्हती. आपल्या माणसांचा, आपल्या जातीच्या सावकारांचा आणि आपल्याला अभिमान वाटणाऱ्या उद्योगाचा अन्याय हा अन्यायच आहे असे स्पष्ट म्हणणारे मात्र मोजकेच होते. बापटांचे मोठेपण येथे आहे.

16 एप्रिल 1921 रोजी, रामनवमीच्या दिवशी, हजाराहून अधिक मावळे धरणाच्या जागेवर जाऊन बसले. कंपनीला काम सहा महिने थांबवावे लागले. विनायकराव भुस्कुटे, शंकरराव देव, शि. म. परांजपे आदी मंडळी या लढ्यात होती. त्या वर्षाच्या अखेरीस काम पुन्हा सुरू झाले आणि खरी कसोटी लागली. सत्याग्रहींवर मारहाण झाली, शिक्षा झाल्या. मावळी बायकाही तुरुंगात गेल्या. बापट पुन्हा पुन्हा पकडले गेले आणि सुटताच पुन्हा मुळशीला परतले. सेनापती ही पदवी त्यांना कोणा राजाने दिलेली नाही, ती या खोऱ्याने दिली. परंतु हळूहळू पुढारी थकले, मोबदल्याची बोलणी पुढे सरकली आणि चळवळ ओसरली. 1924 च्या डिसेंबरात मोजके साथीदार घेऊन बापटांनी धरणाच्या कामाची गाडी रुळांवर अडवली आणि पिस्तूल चालवले. त्याबद्दल त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली.

या अखेरच्या पावलाचे समर्थन आम्ही करीत नाही. ज्या लढ्याचे सारे बळ नि:शस्त्र माणसांच्या बसून राहण्यात होते, त्यात पिस्तूल आले की प्रतिपक्षाला न्यायाचा मुद्दा बाजूला सारून सुव्यवस्थेचा मुद्दा पुढे करण्याची आयतीच संधी मिळते. सदसद्विवेकबुद्धीला पटेल त्या मर्यादेत बळाचा वापर शुद्ध सत्याग्रहात बसतो, अशी बापटांची धारणा होती. गांधीजींच्या अहिंसेत ती बसणारी नव्हती. तथापि एवढे मान्य केले पाहिजे की, ज्यांनी अहिंसेचे नाव घेऊन मावळ्यांना वाऱ्यावर सोडले त्यांच्यापेक्षा, चुकीच्या मार्गाने का होईना, शेवटपर्यंत त्यांच्याबरोबर राहिलेला हा माणूस मावळ्यांना अधिक जवळचा वाटला असल्यास त्यात नवल नाही.

1931 साली ते सुटले ते विश्रांतीसाठी नव्हे. महाराष्ट्र प्रांतिक काँग्रेसचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले आणि राजद्रोही भाषणाबद्दल पुन्हा सात वर्षांची शिक्षाही आली. 1937 साली सुटका झाली. पुढे निजामाच्या राजवटीविरुद्धच्या सत्याग्रहात ते उतरले. 15 ऑगस्ट 1947 रोजी पुण्यात तिरंगा फडकविण्याचा मान त्यांना मिळाला. तेथे थांबून मानपत्रे स्वीकारीत उरलेले आयुष्य कंठणे कोणालाही गैर वाटले नसते. पण ज्यांच्याविषयी सत्ता परस्पर निर्णय करते, त्यांच्या बाजूला जाऊन उभे राहणे हा त्यांचा स्वभावधर्म झाला होता, आणि स्वभावधर्माला निवृत्तीचे वय नसते.

म्हणूनच ते गोव्यात आले. 1951 साली सालाझारच्या राजवटीने घटनादुरुस्ती करून गोव्याला वसाहतीऐवजी पोर्तुगालचा सागरपार प्रांत म्हणवून घेतले. गोमंतकीयांना काय हवे, हे त्यांना कोणी विचारले नाही. लिस्बनमध्ये कागदावर शब्द बदलला आणि त्या शब्दाच्या आधारावर येथे तुरुंग भरले गेले. मुळशीच्या मावळ्याला जे सांगण्यात आले तेच गोमंतकीयाला सांगण्यात आले: तुमचे हित कशात आहे ते आम्ही ठरविले आहे. सेनापतींना ही भाषा परिचयाची होती. त्या तुकडीचे सहनेते गोरे यांना दहा वर्षांची शिक्षा सुनावली गेली आणि 1957 पर्यंत ते पोर्तुगीजांच्या कैदेत राहिले. त्या मेनंतर तुकड्यांमागून तुकड्या आल्या. 15 ऑगस्ट 1955 रोजी नि:शस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या. आणि 19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त झाला. त्या दिवसाकडे जाणाऱ्या वाटेवर एका वृद्धाची पावले उमटली आहेत, हे गोव्याने विसरता कामा नये.

आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यावरही त्यांनी हाच प्रश्न धसास लावला. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात ते होतेच. 1966 साली, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी, बेळगाव-कारवारच्या मराठी जनतेसाठी त्यांनी उपोषण आरंभिले आणि त्याच वर्षी केंद्र सरकारने न्यायमूर्ती मेहरचंद महाजन यांचा आयोग नेमला. आयोगाचा निर्णय मराठी भाषिकांच्या अपेक्षेप्रमाणे लागला नाही. सीमेचे प्रश्न एका बेळगावपुरते नव्हते. 1956 च्या पुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले, पण त्यांना लागूनच असलेल्या छिंदवाडा जिल्ह्यातील सौसर, पांढुर्णा, मोहगाव या भागातली मराठी घरे मध्य प्रदेशात राहिली. 2023 साली पांढुर्णा हा तेथला स्वतंत्र जिल्हा झाला; घरातली मराठी त्याआधीही टिकून होती, आजही आहे. मोहगावसारख्या गावांनी मोठी आंदोलने केली नाहीत, म्हणून त्यांची नावे वर्तमानपत्रांत झळकली नाहीत. परंतु नकाशावर रेघ ओढताना रेघेखाली राहणाऱ्या माणसाला विचारावे की नाही, हा प्रश्न आवाज न उठविणाऱ्या गावाच्या बाबतीतही तितकाच खरा असतो. 28 नोव्हेंबर 1967 रोजी सेनापती निवर्तले. सीमा तशीच राहिली, प्रश्नही राहिला.

मग त्यांना मिळाले काय, असे कोणी विचारील. मुळशीचे धरण झाले, भिऱ्याची वीज 1927 साली मुंबईस पोहोचली, गावे बुडाली. हिशेबाच्या वहीत हा निव्वळ पराभव आहे. पण इतिहासाची वही निराळी असते. राजेंद्र व्होरा यांच्यासारख्या अभ्यासकांनी पुढे मुळशीच्या लढ्याला जगातील पहिला धरणविरोधी लढा म्हणून ओळख दिली. ज्या 1894 च्या कायद्याने मावळ्यांची जमीन घेतली, तो कायदा स्वतंत्र भारतातही सहा दशकांहून अधिक काळ तसाच चालू राहिला, ही आपल्याला लाज आणणारी गोष्ट आहे. 2013 साली संसदेने नवा कायदा केला. खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर ऐंशी टक्के बाधित कुटुंबांची पूर्वसंमती हवी आणि प्रकल्पाचा समाजावर काय परिणाम होईल याची आधी तपासणी हवी, असे त्याने ठरविले. मावळे 1921 साली याहून वेगळे काय मागत होते? आम्हांला आधी विचारा, एवढेच. ते मान्य करावयास सत्तेला ब्याण्णव वर्षे लागली, आणि सरकारने स्वतःसाठी घेतलेल्या जमिनीला संमतीची ही अट त्या कायद्यातही नाही.

आणि म्हणून कुर्डीचा विषय टाळून सेनापतींचे स्मरण करता येत नाही. साळावलीच्या पाण्यावर दक्षिण गोव्याची तहान भागते, ही साधी गोष्ट नव्हे. धरण नको होते असे आम्ही म्हणत नाही. पण ज्यांनी भातशेती, नारळी, घरे आणि देवळे सोडून वाडे आणि वालकिणी येथील वसाहतींत नव्याने संसार मांडला, त्यांच्या पाण्याच्या तक्रारी वर्षानुवर्षे ऐकू येत राहिल्या, हेही तितकेच खरे. दधीचीच्या अस्थींचे वज्र करून इंद्र विजयी झाला, ही कथा आपण भक्तिभावाने ऐकतो. त्या कथेतही देवांनी आधी दधीचीच्या दारी जाऊन याचना केली होती आणि ऋषीने आपल्या इच्छेने देह ठेवला होता. त्यागाची मागणी आणि त्यागाची सक्ती यांत हाच भेद आहे. जेथे न विचारता घेतले जाते तेथे त्याला त्याग म्हणणे ही घेणाऱ्याची सोय असते.

आज गोव्यात नव्या प्रकल्पांच्या घोषणा होतात, जमिनींचे रूपांतर होते, आणि प्रत्येक वेळी सार्वजनिक हित हा शब्द पुढे केला जातो. तो शब्द खोटाच असतो असे नाही. पण तो उच्चारणाऱ्याने ज्याची जमीन जाणार त्याला विचारले काय, कागदावर नाव नसलेल्या कुळाचे आणि मजुराचे काय होणार ते सांगितले काय, आणि दिलेले वचन पाळण्याची जबाबदारी कोणाच्या अंगावर आहे ते नोंदले काय, हे तीन प्रश्न ग्रामसभेने विचारलेच पाहिजेत. सत्ता परकी आहे की आपली, पक्ष विरोधी आहे की आपल्या पसंतीचा, उद्योग विलायती आहे की स्वदेशी, यावर ते प्रश्न अवलंबून असता कामा नयेत. सेनापतींच्या नावाने मुंबईत मोठा रस्ता आहे. गोव्याने त्यांच्या नावाने दुसरा रस्ता बांधण्याची आवश्यकता नाही. प्रत्येक ग्रामसभेत हे तीन प्रश्न निर्भयपणे विचारले गेले तर त्यांचे ऋण पुष्कळसे फिटेल.