आगरकर आणि त्यांचे प्रतिपक्षी

ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत कै. गोपाळ गणेश आगरकर यांचे चरित्र छापावे, हे कित्येक ज्ञातिबांधवांस विचित्र वाटेल. जातिभेदावर ज्यांनी जन्मभर प्रहार केले, ते आगरकर आपल्या वार्षिक मेळाव्यास आले असते तर चार खडे बोल ऐकविल्यावाचून परतले नसते. तथापि ज्याचे आपल्याशी पटत नाही त्याच्यापाशीही आपल्या उपयोगाचे काही असते, हे त्यांच्या चरित्रात वारंवार दिसते. म्हणूनच ही निवड.

कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी १४ जुलै १८५६ रोजी त्यांचा जन्म झाला. घरी अठराविश्वे दारिद्र्य. कऱ्हाड, रत्नागिरी, अकोला असे आश्रय शोधीत त्यांनी शिक्षण पुरे केले. पुढे डेक्कन कॉलेजात असता एकुलता एक सदरा रात्री धुवून सकाळी तोच अंगावर घालावा, असे दिवस त्यांनी काढले. तेथेच बळवंतराव टिळकांची गाठ पडली. सरकारी नोकरीच्या मागे न लागता लोकशिक्षणास वाहून घ्यावयाचे, असा उभयतांचा निश्चय झाला. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या साहाय्याने १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल निघाले व पुढच्या वर्षी 'केसरी' व 'मराठा' ही पत्रे सुरू झाली.

लौकरच कोल्हापूरच्या छत्रपतींच्या छळाविषयी लिहिताना दिवाण बर्वे यांच्यावर केलेल्या आरोपांमुळे टिळक-आगरकरांवर अब्रुनुकसानीचा खटला झाला. या वेळी १०,००० रुपयांचा जामीन दिला तो रामशेट उरवणे यांनी, आणि तोही जोतिराव फुले यांच्या सांगण्यावरून! चिपळूणकरांनी आपल्या 'निबंधमाले'त ज्यांची यथेच्छ टवाळी केली होती, तेच हे जोतिराव. त्यांच्या ठिकाणी दुसरा कोणी असता तर स्वस्थ मौज पाहत बसला असता. जोतिरावांनी छत्रपतींचा कैवार घेणारे दोन तरुण पाहिले. ते कोणाच्या गोटातले हा हिशेब केला नाही. पुढे शिक्षा झाली, डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस गेले आणि १८८२ च्या ऑक्टोबरात दोघे सुटले, तेव्हा त्यांच्या सत्कारातही सत्यशोधक मंडळी होती.

तुरुंगात एका खोलीत रात्र-रात्र वाद घालणारे हे मित्र बाहेर आल्यावर दुरावले. समाजसुधारणा आधी की राजकारण आधी, हा वाद पेटला. १८८७ साली आगरकरांनी 'केसरी' सोडला व पुढील वर्षी 'सुधारक' काढला. मग दोन्ही पत्रांतून जे वाग्युद्ध जुंपले त्यात वैयक्तिक कटुताही पुष्कळ आली. ती झाकण्यात अर्थ नाही. परंतु त्या वादाने दोघांनाही काही दिले. संमतिवयाचे बिल आले तेव्हा टिळकांचा मुख्य आक्षेप परक्या सरकारने कायदा करण्यास होता. सुधारकांनी आधी स्वतःस बांधून घ्यावे, मुलींची लग्ने सोळाव्या वर्षापूर्वी करू नयेत, अशी उलट सूचना त्यांनीच पुढे केली होती. बिलात तर केवळ बारा वर्षांची मर्यादा होती! असा प्रतिपक्षी समोर असता शिथिल युक्तिवाद चालण्यासारखा नव्हता. आगरकरांच्या निबंधांतील तर्काची धार अशाच घर्षणातून आली, असे आमचे मत आहे. आणि आपल्या शब्दाची किंमत मोजण्यास सुधारकांना भाग पाडणारा टिळकांसारखा टीकाकार त्यांना मित्रांत मिळाला नसता.

पुण्यातील कर्मठांनी आगरकरांच्या जिवंतपणीच त्यांची प्रेतयात्रा काढली. ती त्यांनी पाहिली व आपले लेखन चालूच ठेवले. १८९२ पासून ते फर्ग्युसन कॉलेजचे प्रिन्सिपॉल होते. पण दम्याने शरीर पोखरले होते. १७ जून १८९५ रोजी ते निवर्तले, तेव्हा वयाची ३९ वर्षेही पुरी झाली नव्हती.

'केसरी'तील मृत्युलेख टिळकांनी लिहिला. मृत्यूपुढे मतभेद क्षुल्लक वाटू लागतात आणि जुन्या आठवणींनी लेखणी गोंधळून जाते, अशी कबुली त्यांनी त्यात दिली. मतभेद मिटले, असे मात्र त्यांनी म्हटले नाही, आणि ते खरेही झाले नसते. देशी वर्तमानपत्रांना जे महत्त्व आले त्याचे पुष्कळसे श्रेय त्यांनी आगरकरांच्या विद्वत्तेस व मार्मिकतेस दिले. ज्या पत्रातून त्यांनी हे लिहिले, त्या 'केसरी'चे पहिले संपादक आगरकरच होते.