मतदारांच्या शिक्षिका सेप्टिमाबाई क्लार्क

निवडणूक जवळ आली म्हणजे गांवोगांव काय गडबड उडते हें आमच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. भिंती रंगतात, कर्णे वाजूं लागतात, आणि ज्यांचें तोंड पांच वर्षांत दिसलें नाहीं असे गृहस्थ दारीं येऊन हात जोडतात. परंतु मतदाराची खरी तयारी या गडबडीच्या पुष्कळ आधीं, कोठें तरी दिव्याच्या उजेडांत चाललेली असते. ती तयारी करून देण्यांत जिनें आयुष्य वेंचलें अशा अमेरिकेंतील एका शिक्षिकेची ओळख आम्ही येथें करून देणार आहों.

सेप्टिमाबाईंचा जन्म दक्षिण कॅरोलायना संस्थानांतील चार्ल्स्टन शहरीं ३ मे १८९८ रोजीं एका कृष्णवर्णीय कुटुंबांत झाला. वडील पीटर पॉइनसेट हे जन्मानें गुलाम. शाळेचें शिक्षण असें त्यांस कधीं मिळालेंच नाहीं. आई व्हिक्टोरिया यांचें बालपण हैती बेटांत गेलें होतें. त्या घरीं बसून लोकांचे कपडे धूत, पण गोऱ्यांच्या घरीं चाकरीस जात नसत. मोठी मानी बाई. अमेरिकन मिशनऱ्यांनीं काढलेल्या एव्हरी विद्यालयांत मुलीनें शिक्षण घेतलें. फीसाठीं तिला दुसऱ्यांचीं मुलें सांभाळावीं लागलीं. १९१६ सालीं ती शिक्षिका झाली, परंतु चार्ल्स्टनच्या सरकारी शाळांत कृष्णवर्णीय शिक्षकांस त्या काळीं नोकरी मिळत नसे. म्हणून अठरा वर्षांची ही मुलगी होडींत बसून जवळच्या जॉन्स आयलंड नांवाच्या बेटावर गेली.

तेथील शाळा पाहून कोणाचाही धीर खचला असता. मुलें १३२ आणि शिक्षिका दोन. फळा नाहीं, पुस्तकें अपुरीं. मुलें आपल्या झाडांविषयीं, शेताविषयीं जें सांगत तेंच बाई तपकिरी कागदाच्या पिशव्यांवर लिहीत आणि त्यावरूनच मुलांस वाचावयास शिकवीत. रस्त्यापलीकडे गोऱ्या मुलांची शाळा होती. तींत मुलें तीन, आणि तेथील शिक्षिकेस दरमहा ८५ डॉलर, सेप्टिमाबाईंस ३५. संध्याकाळीं कांहीं प्रौढ माणसेंही त्यांजकडे येऊं लागलीं. त्यांस आपल्या मंडळाच्या सभेंत उभें राहून भाषण करावयाचें होतें आणि त्यासाठीं वाचतां यावयास पाहिजे होतें. पुढील सर्व कार्याचें बीज आम्हांस या संध्याकाळच्या वर्गांत दिसतें.

१९१९ सालीं त्या एव्हरी विद्यालयांत शिकवीत असतां, कृष्णवर्णीय मुलांच्या शाळांत कृष्णवर्णीय शिक्षक नेमावे असा अर्ज निघाला. बाई घरोघर हिंडून त्यावर सह्या घेत होत्या. दुसऱ्याच वर्षीं ती मागणी मान्य झाली. त्याच सुमारास नेरी क्लार्क नांवाच्या खलाशाशीं त्यांचा विवाह झाला. पण पहिली मुलगी तान्हेपणींच गेली, आणि १९२५ सालीं पतीही वारले. एकुलत्या मुलाचें पोषण करीत त्यांनीं कोलंबिया शहरीं शिक्षिकेचें काम केलें, सुट्यांत अभ्यास करून १९४२ सालीं पदवी व १९४६ सालीं पारंगत पदवी घेतली, आणि समान वेतनाच्या खटल्यास साहाय्य केलें.

आतां त्यांच्या परीक्षेचा प्रसंग आला. १९५६ सालीं दक्षिण कॅरोलायनानें असा कायदा केला कीं, कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठीं झटणाऱ्या राष्ट्रीय संस्थेचा सभासद असलेल्या कोणासही सरकारी नोकरींत ठेवूं नये. पुष्कळांनीं सभासदत्व लपविलें. बाईंनीं तें नाकारलें नाहीं. चाळीस वर्षांची नोकरी गेली व निवृत्तिवेतनही बुडालें. त्यांनीं आपल्या ७२६ व्यवसायबंधूंस पत्रें लिहून एकत्र येण्याची विनंती केली. उत्तरें आलीं २६. अधिकाऱ्यास भेटावयाचें ठरलें त्या दिवशीं प्रत्यक्ष हजर राहिले पांच जण. आम्ही शिक्षक आहों. हा आंकडा वाचून आम्ही पुस्तक बराच वेळ मिटून ठेविलें. जे आले नाहींत त्यांस दोष देण्यास आमची जीभ रेटत नाहीं, कारण आपण स्वतः त्या पांचांत असतों कीं नाहीं हें आम्हांस खात्रीनें सांगतां येत नाहीं. बाईंनीं मात्र पुढें असें लिहून ठेविलें आहे कीं, लोकांची तयारी न करितां आपण त्यांस हांक मारली ही आपलीच चूक झाली.

टेनेसी संस्थानांत हायलँडर नांवाची प्रौढांची शाळा होती. तेथें काळे-गोरे एकत्र बसून जेवीत व विचारविनिमय करीत. १९५५ च्या उन्हाळ्यांत बाईंच्या वर्गास रोझा पार्क्स येऊन गेल्या होत्या. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत माँटगॉमेरी येथें मोटारबसमधील आपली जागा सोडण्याचें त्यांनीं नाकारलें, हें सर्वश्रुत आहे. नोकरी गेल्यावर बाई हायलँडरमध्येंच काम करूं लागल्या. जॉन्स आयलंडवरील ईसॉ जेंकिन्स हेही तेथें आले होते. हे गृहस्थ रोज सकाळीं बेटावरील मजुरांस आपल्या बसमधून शहरांत नेत आणि वाटेंत त्यांस मतदानाचे नियम समजावून देत. शाळेच्या विश्वस्तपदासाठीं ते उभे राहिले व पडले; त्यांच्या माणसांपैकीं फारच थोड्यांचीं नांवें यादींत होतीं!

याचें कारण आमच्या तरुण वाचकांस सांगणें अवश्य आहे. आपल्या देशांत १९५० सालीं अमलांत आलेल्या संविधानानें निरक्षरासही मत दिलें. दक्षिण कॅरोलायनांत तसें नव्हतें. मतदारांच्या यादींत नांव घालावयाचें तर एक तर ३०० डॉलरची मालमत्ता असली पाहिजे, नाहीं तर संस्थानच्या राज्यघटनेचा उतारा अधिकाऱ्यासमोर वाचून दाखविला पाहिजे. जेंकिन्स यांच्या बसमधील एका बाईनें तो उतारा तोंडपाठ केला होता. पण पाठांतर आणि वाचन यांतील भेद तिला कळत होता. तिला खरोखर वाचावयाचें होतें.

तेव्हां बेटावर एक जुनी इमारत घेऊन पुढें सहकारी दुकान काढलें आणि मागच्या खोलींत वर्ग ठेविला. दुकान पुढें असल्यामुळें मागें काय चालतें याचा गोऱ्यांस संशय येत नसे. वर्गास शिक्षक कोण? सेप्टिमाबाईंनीं आपल्या नात्यांतील बर्निस रॉबिन्सन यांस निवडलें. त्या केस विंचरण्याचा व कपडे शिवण्याचा धंदा करीत. शिकवण्याचा अनुभव त्यांस मुळींच नव्हता. पण त्यांचें गिऱ्हाईक आपल्याच लोकांचें असल्यामुळें त्यांची भाकर कोणी गोरा मालक काढून घेऊं शकत नव्हता, आणि म्हाताऱ्या माणसांस त्यांच्यासमोर लाज वाटत नव्हती. पदवीधरांच्या या युगांत ही निवड विचार करण्याजोगी आहे. ७ जानेवारी १९५७ रोजीं पहिल्या रात्रीं चौदा जण आले. शेतीचें काम थंडावतें ते हे दिवस. आठवड्यांतून दोन रात्री वर्ग भरे. तुम्हांस काय शिकावयाचें आहे, असें रॉबिन्सनबाईंनीं प्रथम विचारलें. कोणास आपली सही करावयाची होती, कोणास मुलाचें पत्र वाचावयाचें होतें, कोणास मनीऑर्डर भरावयाची होती. जाड पुठ्ठ्यावर लिहिलेल्या आपल्या नांवावरून पेन्सिल फिरवीत फिरवीत मजुरीनें कठीण झालेले हात वळूं लागले. मग घटनेंतील शब्द आले. वर्ग संपल्यावर त्यांपैकीं बहुतेक नोंदणीच्या कचेरींत जाऊन परीक्षेंत उतरले.

ही वार्ता शेजारच्या बेटांवर गेली आणि तसेच वर्ग निघाले. सरकारची नजर फिरावयास वेळ लागला नाहीं. ३१ जुलै १९५९ च्या रात्रीं पोलिसांनीं हायलँडरवर छापा घातला व साठ वर्षें उलटलेल्या बाईंस दारू बाळगल्याच्या आरोपाखालीं धरून नेलें. बाई मद्यास शिवत नसत! तो आरोप टिकला नाहीं, तरी १९६१ सालीं शाळेस टाळें लागलें. वर्गांचें काम मात्र डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या संस्थेनें आपल्याकडे घेतलें. अँड्र्यू यंग व डोरोथी कॉटन यांच्यासह बाई गांवोगांव फिरून, जॉर्जियांतील डॉर्चेस्टर केंद्रांत शिकण्यासाठीं माणसें निवडून आणीत. सह्या करूं शकणारा, मोठ्यानें वाचूं शकणारा, शेजाऱ्यांच्या विश्वासांतील माणूस त्यांस पुरे असे. मिसिसिपींतील शेतमजूर फॅनी लू हेमर याच वर्गांतून शिकून जात असतां जून १९६३ मध्यें विनोना गांवीं पकडल्या गेल्या व तुरुंगांत त्यांस निर्दय मार बसला. सर्व मिळून सुमारें ९०० वर्ग चालले. १९६५ च्या कायद्यानें दक्षिणेंतील संस्थानांची ती वाचनपरीक्षा बंद केली.

संस्थेच्या कार्यकारी मंडळांत या बाईंचें काय काम, असें तेथील कांहीं पुरुषांस वाटे. प्रत्येक मोर्चाच्या अग्रभागीं स्वतः न राहतां गांवोगांवचे पुढारी तयार करावे, असें बाईंनीं डॉ. किंग यांस पत्र लिहून सुचविलें, तेव्हां तें वाचून मंडळी हंसली. डॉ. किंग यांजविषयीं बाईंचा आदर यामुळें उणावला नाहीं, पण ही गोष्ट त्यांनीं लपविलीही नाहीं.

१९७० सालीं त्या निवृत्त होऊन चार्ल्स्टनला परतल्या. ज्या शाळाखात्यानें त्यांस काढलें होतें, त्याच्याच मंडळावर मतदारांनीं त्यांस निवडून दिलें. १९७६ सालीं गव्हर्नरनें त्यांचें निवृत्तिवेतन चालू केलें. त्या वेळीं बाईंचें वय ७८ होतें. १५ डिसेंबर १९८७ रोजीं त्या वारल्या, त्या जॉन्स आयलंडवरच.